दहा वर्षांचं सीझन तिकीट घ्यावं का? अडचणीतले फुटबॉल क्लब आणि चाहत्यांचे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरीला गेलेले मित्र तिथल्या क्लबचे हाडाचे चाहते होतात आणि एखाद्या मार्चमध्ये त्यांचा मेसेज येतो: क्लबने पाच वर्षांचं तिकीट चार वर्षांच्या पैशात काढलंय, घेऊ का? गेली काही वर्षं मी याच प्रश्नाची तुकड्यातुकड्याने उत्तरं देत आलोय. आता ती एका ठिकाणी लिहून ठेवतो.

सीझन तिकीट घेतो म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतो?

एका हंगामातले घरच्या मैदानावरचे सगळे लीग सामने एका ठरलेल्या खुर्चीवर बसून बघायचा हक्क. प्रीमियर लीगमध्ये असे १९ सामने होतात, त्याखालच्या चॅम्पियनशिपमध्ये २३. कप स्पर्धांचे सामने बहुतेक ठिकाणी वेगळे.

पण कागदाच्या दृष्टीने तुम्ही खुर्ची घेत नाही, सामनेही घेत नाही. तुम्ही एक वचन विकत घेता. पैसे आज दिले, सेवा पुढच्या दहा महिन्यांत हप्त्याहप्त्याने मिळणार. ऑगस्टमध्ये पहिली शिट्टी वाजते तेव्हा क्लब तुमचं पूर्ण तिकीट देणं लागत असतो. थोडक्यात, चाहता हा क्लबचा सावकार असतो, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही.

क्लबला हे पैसे इतके आधी का हवे असतात?

मे महिन्यात हंगाम संपतो आणि ऑगस्टपर्यंत मैदानावर तिकीट विकायला काहीच नसतं. खेळाडूंचे पगार मात्र जून-जुलैतही द्यायचे असतात. मार्च-एप्रिलमध्ये ‘लवकर भरा, सवलत मिळवा’ सुरू होतं ते यासाठी. तुमच्या तिकिटाच्या पैशावर क्लब उन्हाळा काढतो. सुस्थितीतल्या क्लबसाठी यात काही वावगं नाही, शेतकरीही पेरणीसाठी पीककर्ज काढतोच.

मग तीन, पाच, दहा वर्षांची तिकिटं एकदम विकण्यात वेगळं काय?

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो. पैसे आज हातात येतात, घरातलं लग्न किंवा दवाखाना निभावतो, पण पुढचा हंगाम विकलेला असतो. कोयता चालवायचा आणि हाती काही पडायचं नाही, कारण ते आधीच खर्च झालेलं असतं.

पाच वर्षांची तिकिटं विकणारा क्लब पुढच्या चार उन्हाळ्यांची उचल घेत असतो. पुढच्या वर्षी गॅलरी तेवढीच भरलेली दिसेल, आरोळ्याही तेवढ्याच, पण त्या गर्दीतून गल्ल्यात नवा पैसा येणार नाही. स्टँड बांधायला ही उचल घेतली असेल तर गोष्ट वेगळी. पगार भागवायला घेतली असेल, तर पुढच्या वर्षीचे पगार कशातून देणार, याचं उत्तर सहसा ‘आणखी उचल’ असंच निघतं.

रेंजर्सचं नेमकं काय झालं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

रेंजर्स हा ग्लासगोचा १८७२ सालचा क्लब, तोवर स्कॉटलंडच्या लीगची ५४ विजेतेपदं नावावर असलेला. मे २०११ मध्ये डेव्हिड मरे यांनी आपला सुमारे ८५ टक्के हिस्सा क्रेग व्हाइट यांना १ पौंडाला विकला. लॉइड्स बँकेचं सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज व्हाइट फेडतील, हे त्या व्यवहारात होतं. कर्ज फिटलं. पैसे कुठून आले हे मात्र बऱ्याच महिन्यांनी सर्वांना कळलं. टिकेटस नावाच्या कंपनीला रेंजर्सच्या पुढच्या काही हंगामांची हजारो सीझन तिकिटं आगाऊ विकून सुमारे २ कोटी ४० लाख पौंड उभे केले होते.

म्हणजे बघा, ज्या चाहत्याने २०१३ चं तिकीट अजून घेतलेलंही नाही, त्याच्या तिकिटाच्या पैशातून २०११ मध्ये क्लबचा मालक बदलला. त्याला कुणी विचारलं नाही. तो येणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. माणसाची निष्ठा तारण म्हणून ठेवली गेली, आणि ठेवणारा तिचा मालकच नव्हता.

पुढे व्हायचं ते झालं. नव्या कारभारात पगारावरचा कर आणि व्हॅट मिळून सुमारे ९० लाख पौंड सरकारकडे भरलेच गेले नाहीत. १४ फेब्रुवारी २०१२ ला क्लबवर प्रशासक (देणी न भागवू शकणाऱ्या कंपनीचा कारभार हाती घेणारे) नेमले गेले, लीगमधले १० गुण कापले गेले. जूनमध्ये कर खात्याने तडजोडीचा प्रस्ताव फेटाळला, जुनी कंपनी अवसायनात गेली आणि क्लबची मालमत्ता ५५ लाख पौंडांना चार्ल्स ग्रीन यांच्या गटाने घेतली. रेंजर्सला चौथ्या श्रेणीत खेळावं लागलं.

व्हाइट यांच्याबद्दल दोन गोष्टी सोबतच सांगायला हव्यात. २०१४ मध्ये त्यांना १५ वर्षं कंपनी-संचालक होण्यास बंदी झाली, आणि २०१७ मध्ये क्लबच्या खरेदीतल्या फसवणुकीच्या आरोपातून ग्लासगोच्या न्यायालयात ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

टिकेटसने तर तिकिटं विकत घेतली होती. मग त्यांना ती मिळाली का?

नाही, आणि तुमच्या तिकिटासाठीही हा मुद्दा कळीचा आहे. मार्च २०१२ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयात लॉर्ड हॉज यांच्यापुढे हा प्रश्न आला. टिकेटसचं म्हणणं होतं, या खुर्च्यांवर आमचा हक्क आहे. न्यायालयाने म्हटलं, तुमचा हक्क करारातला आहे, मालमत्तेतला नाही. धनकोंच्या हितासाठी गरज पडली तर प्रशासक तो करार पाळायचं नाकारू शकतात. शेवटी टिकेटसचं नाव साध्या, विनातारण धनकोंच्या यादीत सुमारे २ कोटी ६७ लाख पौंडांसमोर लागलं.

निष्णात वकिलांकडून करार करून घेणाऱ्या कंपनीची ही गत झाली. तुम्ही वेबसाइटवर ‘मला अटी मान्य आहेत’ वर टिचकी मारून घेतलेल्या दहा वर्षांच्या तिकिटाचं काय होईल, ते यावरून ताडून बघा.

त्यात साध्या चाहत्यांचे पैसे बुडाले का?

त्या वर्षाचं सीझन तिकीट असलेल्यांना उरलेले सामने बघायला मिळाले, कारण प्रशासकांनी हंगाम पुरा केला. फटका बसला तो जुन्या दीर्घ योजनेवाल्यांना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयब्रॉक्स मैदानावर वरचा मजला, क्लब डेक, चढवायला रेंजर्सने चाहत्यांना डिबेंचर विकले होते. अनेक वर्षं खुर्चीचा हक्क आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत, असा व्यवहार. २०१२ च्या धनकोंच्या यादीत या डिबेंचरधारकांचं येणं सुमारे ७७ लाख पौंड होतं आणि तेही विनातारण.

मी तेव्हा ग्लासगोत गोवन भागात भाड्याने राहत होतो. घरमालक जहाज गोदीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. त्यांचं डिबेंचर जिन्याजवळच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं. निळी किनार, खाली सही, कोपऱ्यात ओलीचा पिवळा डाग. प्रशासकांचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते मला वाचायला दिलं, कारण ‘तू शिकलेला आहेस’. ‘विनातारण’ हा शब्द मी दोनदा समजावला. ते म्हणाले, स्टँड तर तिथेच उभा आहे, मग तारण नाही कसं? त्या पत्रातला प्रत्येक शब्द कायद्याने बरोबर होता आणि तरी त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लीड्स युनायटेडने हेच केलं होतं ना?

जवळपास. लीड्सने तिकिटं विकली नाहीत, तिकिटांचं भावी उत्पन्न तारण ठेवलं. मे २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत होता. लीगमध्ये मात्र चौथा आला आणि पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग हुकली. तिच्यातून येणारा पैसा अंदाजपत्रकात जणू आधीच जमा धरलेला होता. सप्टेंबर २००१ मध्ये क्लबने २५ वर्षं मुदतीचं ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं, फेड सीझन तिकिटांच्या उत्पन्नातून.

त्या हिशोबाने २००१ मध्ये जन्मलेलं पोर पंचविशीचं होईपर्यंत त्याच्या तिकिटाचा पैसा कर्जाच्या हप्त्यात गेला असता. तेवढी वेळच आली नाही. २००२ मध्ये रिओ फर्डिनांडला मँचेस्टर युनायटेडला विकावं लागलं, २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्याच वर्षी एलंड रोड मैदान विकलं गेलं आणि मे २००७ मध्ये प्रशासक आले. मैदान परत क्लबकडे यायला २०१७ उजाडलं, प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२०.

अशी कर्जं त्या काळात न्यूकॅसल, एव्हर्टन, लेस्टर, इप्सविच अशा अनेक क्लबांनी काढली. चूक कर्जाची जेवढी, तेवढीच गृहीतकाची. संघ वरच्या श्रेणीतच राहील आणि गॅलरी भरलेलीच असेल, हे २५ वर्षांसाठी कोण सांगू शकतं?

बाँड घेतला की खुर्ची कायमची आपली, असं म्हणतात. खरं आहे?

अटी वाचल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका. हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९९० च्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना उभं राहायच्या जागा काढून खुर्च्या बसवायला लावल्या. त्या खर्चासाठी बाँड निघाले. आर्सेनलने १९९१ मध्ये १,१०० आणि १,५०० पौंडांचे बाँड काढले. त्यात मिळायचा तो सीझन तिकीट *विकत घेण्याचा* हक्क. तिकिटाचे पैसे दरवर्षी वेगळेच. वेस्ट हॅमने ५०० ते ९७५ पौंडांचे काढले, तेव्हा चाहते सामना चालू असताना मैदानात येऊन बसले आणि बाँड मोजकेच खपले.

न्यूकॅसलचं उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं. १९९४ मध्ये ५०० पौंड भरून चाहत्यांनी दहा वर्षांसाठी खुर्ची राखून घेतली. १९९९ मध्ये क्लबला त्यातल्या मोक्याच्या जागा कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी हव्या झाल्या आणि हजारो जणांना दुसरीकडे हलायला सांगितलं. ‘सेव्ह अवर सीट्स’ म्हणून चाहते कोर्टात गेले. २००० मध्ये आधी उच्च न्यायालयात आणि मग अपिलातही हरले, कारण खुर्ची बदलायचा अधिकार क्लबने बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये राखून ठेवला होता.

क्लबवर प्रशासक आले तर माझ्या तिकिटाचं काय?

सामने चालू राहिले तर बहुधा तुम्हाला आत सोडतील, कारण रिकामी गॅलरी कुणालाच नको असते. पण क्लब नव्या मालकाला विकला गेला, तर पुढच्या हंगामांची जुनी वचनं पाळायची की नाही ही त्याची मर्जी.

पैसे परत मागायला गेलात तर रांग लांब आहे. आधी तारण असलेले. डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये व्हॅट आणि पगारातून कापलेल्या करासाठी सरकारलाही विनातारण धनकोंच्या पुढे जागा आहे. शिवाय लीगचा स्वतःचा नियम असा की खेळाडू आणि इतर क्लब यांचं येणं आधी पूर्ण द्या, नाहीतर लीगमध्ये खेळू देणार नाही. कर खात्याने हा नियम कोर्टात आव्हान देऊन पाहिला, २०१२ मध्ये हरले. शेवटी उरतात कँटीनला पाव पुरवणारा, छपाईवाला आणि तुम्ही. पौंडामागे काही पेन्स मिळाले तर नशीब.

सवलत खरंच चांगली असेल तर?

हिशोब करू. तिकीट वर्षाला ५०० पौंड आहे आणि क्लब म्हणतो, आज २,००० भरा आणि पाच हंगाम बघा. पाचशे वाचले असं वाटतं. पण तेच पैसे तुम्ही दरवर्षी भरले असते, म्हणजे आज तुम्ही क्लबला कर्ज देताय. त्या सवलतीचं व्याजात रूपांतर केलं तर दर येतो साडेबारा टक्क्यांच्या आसपास.

आता उलट बाजूने विचार करा. जो क्लब तुम्हाला साडेबारा टक्के द्यायला तयार आहे, त्याला बँक त्याहून स्वस्तात का देत नाही? बँकेने त्याचे हिशोब बघितलेत. तुम्ही फक्त त्याची जर्सी बघितलीय.

सगळ्याच दीर्घ योजना वाईट असतात का?

नाही. टेनिसमध्ये विम्बल्डनचे डिबेंचर १९२० पासून चालत आलेत. पाच वर्षांची मुदत, सेंटर कोर्टच्या २०२६ ते २०३० च्या डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड. पैसा मैदानावर खर्च होतो, यजमान संस्था भक्कम आहे आणि ते तिकीट तुम्ही उघडपणे विकूही शकता. या तीन गोष्टी फुटबॉल क्लबच्या योजनेत आहेत का, तपासा.

आणि हार्ट्स. एडिंबरोचा हा क्लब जून २०१३ मध्ये प्रशासकांच्या हाती गेला तेव्हा त्यांनी चाहत्यांपुढे पदर पसरला: तिकिटं घ्या, नाहीतर दिवे विझतील. लोकांनी दहा हजारांवर सीझन तिकिटं घेतली. पण ती एका हंगामाची होती आणि पैसा कशाला हवा हे लपवलेलं नव्हतं. सोबत ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’मध्ये हजारो जण दरमहा थोडे पैसे टाकत राहिले, आपल्या भिशीसारखे. २०२१ मध्ये क्लबची मालकी त्या चाहत्यांकडे आली.

कारभार आवडत नसेल तर तिकीट न घेणं ही गद्दारी आहे का?

अजिबात नाही. इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबच्या चाहत्यांना मालक देजफोन चानसिरी यांनी २०२३ मध्ये २० लाख पौंड उभे करायला सांगितलं होतं. २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा थकले. शेवटी चाहत्यांनी ऑक्टोबरात सामन्याकडेच पाठ फिरवली. २४ ऑक्टोबर २०२५ ला प्रशासक आले, १२ गुण गेले, आणि त्याच दिवशी लोक क्लबच्या दुकानाबाहेर रांगा लावून उभे राहिले. मालक गेला म्हटल्यावर पाकीट उघडलं.

इंग्लंडच्या ‘बरी’ (Bury) या क्लबचंही सांगतो. १८८५ चा क्लब. २७ ऑगस्ट २०१९ ला नवा मालक येणार या आशेवर शेकडो माणसं झाडू-बादल्या घेऊन क्लबच्या गिग लेन मैदानातल्या खुर्च्या पुसायला आली होती. त्याच रात्री क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. त्या हंगामाची तिकिटं घेऊन बसलेल्यांना लीगचा एकही सामना दिसला नाही. बहिष्कार आणि झाडू, दोन्ही प्रेमच आहे.

आपल्याकडे असं होतं का?

आपल्याकडे क्लब मरतात, पण वेगळ्या आजाराने. तिकिटाचं उत्पन्नच किरकोळ असल्याने सगळा भार मालकावर असतो. मालकाने हात काढला की खेळ खलास. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. २०२५ मध्ये तर इंडियन सुपर लीगच (आयएसएल) स्थगित झाली आणि काही क्लबांनी पगार थांबवले. आणि हो, ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे. तेव्हा प्रीमियर लीगमध्ये असलेला तो संघ २०१७ पर्यंत तिसऱ्या श्रेणीत घसरला होता.

पण आगाऊ पैसे घेऊन शटर ओढणं आपल्याला नवीन नाही. ठाण्यात मी एका जिमची तीन वर्षांची मेंबरशिप घेतली होती, ‘दोनच्या पैशात तीन’. पाचव्या महिन्यात एका सकाळी शटर बंद. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, रात्री दोन टेम्पो आले होते, मशिनी भरून गेले. शटरवर ‘नूतनीकरणासाठी बंद’ असा कागद होता. पावसाळ्यापर्यंत तोही गळून पडला.

पैसे भरायचेच असतील तर काय काळजी घ्यावी?

ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने भरा. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तू-सेवेसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही.

मैदान क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या, ते बघा. क्लबचे ताळेबंद वेळेवर दाखल होतात का, ते ब्रिटनच्या कंपनी नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतं, आणि उशीर झाला असेल तर तिथेच थांबा. अटींमध्ये खुर्ची बदलायचा अधिकार, संघ खालच्या श्रेणीत गेल्यास काय आणि क्लब विकला गेल्यास काय, हे तीन परिच्छेद शोधून वाचा. जुलै २०२५ पासून इंग्लंडमध्ये फुटबॉल नियामकाचा कायदा आहे, पण तो तुमच्या तिकिटाचा विमा नाही.

भारतात अडकलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा आणि दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पावती, मेसेज, जाहिरातीचा फोटो, सगळं जपून ठेवा. माझ्याकडे जिमची पावती होती, अटींचा कागद नव्हता.

त्या घरमालकांनी पुढे काय केलं?

१८ ऑगस्ट २०१२ ला चौथ्या श्रेणीतला रेंजर्सचा घरच्या मैदानावरचा पहिला लीग सामना ईस्ट स्टर्लिंगशरशी झाला. ४९,११८ लोक आले होते. काका त्यांच्यात होते. त्यांनी पुन्हा सीझन तिकीट घेतलं होतं, एका वर्षाचं.